यमूचं पुढे काय झालं

"ती मुलगी गेली, तेव्हा तुमच्या घरात किती दिवस रडले?" हिकमत दब्बाग यांनी विचारलं.

प्रतिमाच्या हातात तेव्हा दुसरी सुई होती. सुई टोचताना ती कुणाशी बोलत नसे. बावीस वर्षांत मोडली नव्हती अशी ही तिची एकच सवय. "हात हलवू नका," एवढंच ती म्हणाली. सुई बरोबर शिरेत गेली, नळीत रक्त चढलं, तिनं वर चिकटपट्टी लावली, मशीन सुरू केलं आणि कमरेवर हात ठेवून सरळ होत विचारलं, "कोण मुलगी?"

"नदीतली. यमू."

"ती कुठे गेली?"

 हिकमतांनी मोकळा उजवा हात छातीवर ठेवला. "माफ करा, सित प्रतिमा. मी विचारायला नको होतं."

सित म्हणजे बाई. त्यांच्या मोसुलमध्ये मास्तरणीला, डॉक्टरणीला असं म्हणतात, हे त्यांनीच तिला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. अमेरिकेत आल्यापासून तिला एवढ्या मानानं कुणी हाक मारली नव्हती. इथे सगळ्यांची ती नुसती 'प्रटीमा' होती.

श्रूजबरीच्या हमरस्त्यावर, एका गादीच्या दुकानाला लागून, हे डायलिसिस सेंटर होतं. पहाटे साडेचारला प्रतिमा दार उघडायची. बारा खुर्च्या, बारा मशीन्स, बारा माणसांचं रक्त बाहेर काढायचं, धुवायचं, परत घालायचं; परवा पुन्हा तेच. नागपूरची बी.एस्सी. झालेली, लग्न करून इकडे आलेली, मुलाला, कुशला, शाळेत घातल्यावर छत्तिसाव्या वर्षी हा कोर्स केलेली. आता अठ्ठावन्न. कुश क्युपर्टिनोला, गुडघे कामातून गेलेले, आणि रिटायर व्हायचं म्हटलं की घरी बसून करायचं काय, हा प्रश्न. दमायला होतं, असं ती कुणाला म्हणत नसे, कारण एकदा म्हणायला लागलं की थांबायचं कुठे, ते तिला ठाऊक नव्हतं.

चौथ्या खुर्चीवरचे हिकमत एकोणऐंशी वर्षांचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार. अरबीत त्यांच्या सात कादंबऱ्या होत्या आणि बगदाद-कैरोकडे लोक त्यांना ओळखत, असं त्यांची मुलगी सल्मा एकदा म्हणाली होती. इथे त्यांची ओळख एकसष्ट किलो वजन आणि डाव्या हाताची फुगलेली शीर एवढीच. हिकमत म्हणजे आमच्या भाषेत युक्ती, असं प्रतिमानं सांगितल्यावर ते खूश झाले होते. त्यांच्याकडे त्याचा अर्थ शहाणपण. "म्हणजे तुमच्याकडे मी जास्त उपयोगाचा," ते म्हणाले होते.

डावा हात सुयांना दिलेला, उजव्या हातानं पिवळ्या वहीवर लिहिणं चालू. आठवी कादंबरी. मोसुलमधल्या एका कातडी कमावणाऱ्या घराण्याच्या पाच पिढ्या; पणजोबापासून ते मॅसॅच्युसेट्समध्ये शाळेत जाणाऱ्या पणतीपर्यंत. चाळीस-बेचाळीस माणसं. वहीच्या पुठ्ठ्यावर त्यांचं झाड काढलेलं होतं. पण झाडातले पुरुष ठसठशीत आणि बायका नुसत्या नावापुरत्या. "आमच्या घरातल्या बायकांनी मला काही सांगितलं नाही," ते म्हणाले होते, "आणि मीही कधी विचारलं नाही. आता विचारायला कुणी उरलं नाही. तुम्ही सांगा."

प्रतिमाला काय, चार तास जायचे होते. रक्तदाब बघता बघता, सलाइन लावता लावता ती दीड वर्ष सांगत राहिली. आजीचं सांगितलं, आत्याचं सांगितलं, आईचं सांगितलं. आणि यमूचं सांगितलं.

यमू वैनगंगेच्या काठच्या पवनीची. उन्हाळ्यात नदीचं पाणी आटलं की पलीकडच्या वाळूत टरबुजांच्या वाड्या लागायच्या. ही चौदा वर्षांची पोर उरलेल्या डोहातून पोहत पलीकडे जायची, वाडीवाल्याशी घासाघीस करून एक टरबूज घ्यायची आणि ते पाण्यात पुढे ढकलत ढकलत परत यायची. हे ऐकल्यावर हिकमतांनी पेन खाली ठेवलं होतं. तैग्रिसच्या वाळूतही टरबुजं लावत. तेही लहानपणी नदीत टरबूज गार करायला ठेवत आणि ते वाहून गेलं की मार खात. त्या दिवशी दोघं मिळून इतकं हसले की पाचव्या खुर्चीवरच्या गोऱ्या बाईनं टीव्हीचा आवाज वाढवला.

तर आता हे विचारणं. किती दिवस रडले म्हणे.

"तुम्ही एकदा वाचाच," हिकमत म्हणाले आणि त्यांनी पिशवीतून एक जाडसर पाकीट काढून दिलं. "सल्मानं इंग्रजी केलंय. सगळं झालंय, एक गोष्ट सोडून. तिचा शोक मला जमत नाही. तीनदा लिहिला, तीनदा फाडला."

अकरा वाजता प्रतिमा नेहमीप्रमाणे गाडीत बसून डबा खायला लागली. मांडीवर ती पानं.

कादंबरीत यमूची यमामा झाली होती. चामडेवाल्यांची धाकटी मुलगी. लग्न आठ दिवसांवर आलेलं असताना ती शेवटचं म्हणून नदीत उतरते, पलीकडून टरबूज घेते, पुढे ढकलत निघते. टरबूज काठाला लागतं. ती लागत नाही. घरात मांडव घातलेला, पाहुणे आलेले. थोरल्या भावाचंही लग्न त्याच मांडवात, म्हणून वडील रडायला मनाई करतात. आठ दिवसांनी थोरल्याची बायको समीरा त्या घरात येते. ती जन्मभर नदीकडे फिरकत नाही. मुलांना फिरकू देत नाही. का, ते कुणाला सांगत नाही, पण वाचणाऱ्याला कळतं. ज्या घरात ती आली, त्या घराच्या मुलीला नदीनं नेलं होतं.

समीरा कोण, हे प्रतिमानं पहिल्या ओळीत ओळखलं. ओटीवर बसून तांदूळ निवडणारी, मोजकं बोलणारी, पाण्याला भिणारी. तिची आई. सुमित्रा.

आणि यमामाही तिची आईच.

 आधी तिला हसू आलं. दीड वर्ष आपण काय सांगितलं, ते तिनं आठवून पाहिलं. टरबुजाच्या सगळ्या गोष्टी मामानं सांगितलेल्या. मामा शेवटपर्यंत यमूच म्हणायचा. लग्नात सासरच्यांनी नाव सुमित्रा ठेवलं, ते त्याच्या जिभेवर कधी बसलंच नाही. नागपूरच्या घरात मात्र यमू कुणालाच माहीत नव्हती. गोष्ट सांगताना प्रतिमा पवनीची असली की यमू म्हणायची, नागपूरची असली की आई. आपल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मोसुलच्या माणसाला सांगायला हवं होतं. बिचाऱ्यानं चाळीस माणसं बरोबर लावली आणि एका बाईच्या दोन केल्या.

मग हसू गेलं आणि राग आला. रागाला काही अर्थ नव्हता, पण आला. ऐन लग्नात, एकोणिसाव्या वर्षी यांनी माझ्या आईला बुडवलं, असं तिच्या मनात आलं, आणि उरलेली पोळी तिनं तशीच डब्यात ठेवली.

संध्याकाळी घरी नवऱ्यानं, मोरेश्वरांनी, विचारलं, "काय गं, आज एकदम सायलेंट?"

"त्या दब्बागांनी पुस्तकात आईला मारलं."

"व्हॉट?"

तिनं सगळं सांगितलं. मोरेश्वरांनी तीस वर्षं विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळलं होतं. ते म्हणाले, "अगं मग सिंपल आहे. डेटाची चूक आहे. दोन रेकॉर्ड्स एकाच माणसाचे. त्यांना सांग, मर्ज करतील."

"तुम्ही माझं नाव प्रतिमा का ठेवलंत हो?"

मोरेश्वर जरा गडबडले. "आईनं चिठ्ठी दिली होती. तांदळात काय लिहायचं ती. मी लिहिलं."

"मला विचारलं नाहीत."

"तेव्हा कुठे बोलायचो आपण," ते म्हणाले. आणि ते खरंच होतं. माहेरची विजया एका सकाळी प्रतिमा झाली, पासपोर्ट प्रतिमाच्या नावानं निघाला, आणि तेहतीस वर्षं ती सही तशीच करत आली. तिला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. वाटायला वेळ मिळाला नव्हता, असंही म्हणता येईल.

गुरुवारी सुया लावून झाल्यावर ती स्टूल ओढून चौथ्या खुर्चीशी बसली. ड्यूटीवर बसायचं नसतं, पण बसली.

"मिस्टर हिकमत, यमू मेली नाही. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, नागपूरला माझ्या भावाकडे असते. यमू आणि माझी आई एकच."

हिकमतांना काही कळलं नाही. मग तिनं सांगितलं. लग्नात ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो आणि मग सगळे तिला त्या नावानं हाक मारतात.

"म्हणजे नवऱ्याचं आडनाव."

"आडनाव तर बदलतंच. तिचं स्वतःचं नावही."

"आमच्याकडे बाई बापाचं नाव घेऊन जन्मते आणि तेच घेऊन कबरीत जाते," ते म्हणाले. "बाकी आम्ही तिचे हाल कमी करतो असं नाही. पण नाव राहतं."  मग म्हणाले, "आणि त्या तांदळाचं पुढे काय करता?"

प्रतिमाला हे कधी कुणी विचारलं नव्हतं. "आठवत नाही. डब्यात परत टाकत असतील."

"आणि पाण्याची भीती?"

"आजोबांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी सांगितलं होतं, घरंदाज बाई नदीत उतरत नाही. नंतर नंतर ती स्वतःच म्हणायला लागली, मला भीती वाटते. माझ्यासमोर ती कधी घोटाभर पाण्यातही उभी राहिली नाही."

हिकमतांनी वही मिटली. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. "मग मी काय केलं? जिवंत बाईला बुडवलं."

"तुम्हाला काय माहीत? बदला ना. अजून छापलं कुठे आहे?"

"सित प्रतिमा," ते म्हणाले, "परवा शनिवारी माझा शेवटचा दिवस. हृदय थकलंय. डॉक्टरांशी बोललो, सल्माशी बोललो. शनिवारनंतर मी येणार नाही."

तिला हे नवीन नव्हतं. असे कितीतरी जण उठून गेलेले तिनं पाहिले होते. आठ-दहा दिवस घरी, मग फोन. तरी आज त्यांची सुई काढताना गडबड करायची नाही, असलंच काहीतरी तिच्या मनात आलं.

"दोघींची एक करायची तर शंभर पानं उसवावी लागतील. माझ्याकडे शनिवारचे चार तास आहेत," हिकमत म्हणाले. "चार तासांत मी एकच करू शकतो. यमामा काढून टाकतो. तेवढं पान फाडलं की झालं. मग समीरा राहील, तांदूळ निवडणारी. पोहणारी मुलगी पुस्तकात कुठेच नसेल. किंवा ती राहील, आणि बुडेल. तुमची आई आहे. तुम्ही सांगाल तसं."

शुक्रवारी तिला सुट्टी होती. सकाळी साडेआठला, म्हणजे नागपूरच्या संध्याकाळी सहाला, तिनं व्हिडिओ कॉल लावला. भावानं फोन आईच्या हातात दिला. पडद्यावर आधी पंखा दिसला, मग कपाळ, मग अख्खी आई.

"काय वं विजू, आज काहून फोन केला? आज काही रविवार नाही."

प्रतिमानं आडवळणानं सुरुवात केली आणि दोनच वाक्यांत सरळ मुद्द्यावर आली. एक म्हातारे लेखक, त्यांना तुझ्या गोष्टी सांगितल्या, त्यांना वाटलं यमू वेगळी आणि तू वेगळी. त्यांनी यमूला मारलं, आई. नदीत. लग्नाच्या आठ दिवस आधी.

 कॉल अडकला असं वाटून प्रतिमा हॅलो हॅलो करायला लागली.

"आहो मी इथंच," आई म्हणाली. "ढकललं का कोणी तिले?"

"नाही. पोहायलाच उतरली होती. पलीकडून टरबूज घेऊन येत होती."

"टरबूज घेतलं होतं?"

"हो."

"मोठं होतं का?"

"पुस्तकात लिहिलंय, दोन्ही हातांत मावत नव्हतं एवढं."

आईच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू म्हणावं असं. "मग बरंय. आपल्या मर्जीनं गेली पोरगी."

"आई, तू म्हणशील तर ते काढून टाकतील. जिवंत माणसाचं असं लिहिणं बरं नाही ना."

"कोणतं जिवंत माणूस? मी आहो नं जिवंत. सुमित्रा. नातवंडं झाली, पतवंड झालं, मले काय होते आता." आईनं पदरानं चष्मा पुसला. चष्मा नसताना तिचा चेहरा फार लहान दिसला. "ते पोरगी तर कवाचीच गेली, विजू. लग्नाच्या दिवशीच गेली. मांडवात कोण रडते? वाजंत्री वाजून राहिली होती. तुह्या मामानं एकट्यानं नाव सोडलं नाही. बाकी कोणी तिचं सुतकबी धरलं नाही."

 चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईनं हे इतकी वर्षं कुठे ठेवलं होतं आणि आपण कधी विचारलं का नाही, याची प्रतिमाला लाज वाटली.

"राहू दे त्यायले लिहिलं तसं," आई म्हणाली. "पुस्तकात तरी कोणी रडन. आणि तू जेवली का?"

शनिवारी हिकमत कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. प्रतिमानं बाही दुमडली, शिरेवर बोट ठेवलं. आत रक्ताची थरथर अजून लागत होती. दोन्ही सुया पहिल्या फटक्यात गेल्या.

"राहू द्या," ती म्हणाली. "आई म्हणाली, राहू द्या. आणि तुम्ही मंगळवारी विचारलं होतं ना, किती दिवस. तीन दिवस."

"तीन?"

"माहेरचं कुणी गेलं की लग्न झालेल्या मुलीला तीन दिवस. देवाजवळ दिवा लावायचा नाही, गोड करायचं नाही, कुणाकडे जायचं नाही."

"आमच्याकडेही तीनच दिवस बसतात," हिकमत म्हणाले. "पण कोण बसेल? बापानं मनाई केलीय. त्या मनाईतून मोकळी फक्त नवी आलेली समीरा, आणि तिनं यमामाला पाहिलंही नव्हतं."

"पाहिलं होतं," प्रतिमा म्हणाली. "तिनंच पाहिलं होतं. तिलाच बसवा."

हिकमतांनी तिच्याकडे पाहिलं आणि पेन उचललं. मग ते लिहीत राहिले, उजवीकडून डावीकडे, भराभर. प्रतिमा इतर अकरा खुर्च्या सांभाळत होती. तिसऱ्याचा रक्तदाब उतरला, नवव्याच्या पायात गोळे आले. अर्ध्या तासाला चौथ्या खुर्चीशी आली की आकडे टिपून ती काही न बोलता पुढे जायची. वेळ संपली तेव्हा त्यांची साडेचार पानं झाली होती. सुया काढून तिनं दोन्ही जागांवर बोळे धरले. दहा मिनिटं धरायचे असतात. तिनं जरा जास्तच धरले.

"सल्मा इंग्रजी करून पाठवेल," हिकमत म्हणाले.

"सावकाश पाठवू दे."

"शुक्रन, सित प्रतिमा."

ती त्यांच्याबरोबर दारापर्यंत गेली. सल्मानं गाडी लावलीच होती. परत येऊन तिनं चौथी खुर्ची पुसली, मशीनच्या नळ्या बदलल्या. साडेअकराला दुसऱ्या पाळीचा माणूस यायचा होता.

घरी आल्यावर तिनं आंघोळ केली आणि स्वयंपाकघरात नुसती बसून राहिली. संध्याकाळ झाली. हे रोजचं दिव्याचं काम तिचं. ती कामावरून कितीही दमून आली तरी चुकत नसे. मोरेश्वर बागेतून टोमॅटो घेऊन आत आले, देव्हाऱ्यात अंधार बघून थांबले.

"दिवा लावला नाहीस? बरं वाटत नाहीये का? थांब, मी लावतो." त्यांनी खण उघडून काडेपेटी काढली.

"नको," ती म्हणाली. "सुतक आहे."

"कुणाचं?"

"माहेरचं."

मोरेश्वर दचकले. "आई?"

"नाही, आई बरी आहे. यमू गेली."

 मंगळवारी मोरेश्वरांनी सगळं ऐकलं होतं. मर्ज करायला सांग, असंही तेच म्हणाले होते. बायकोच्या माहेरचं सुतक नवऱ्याला नसतं. त्यांनी दिवा लावला असता तर कुणी काही म्हणालं नसतं. त्यांनी एकदा देवाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"किती दिवस?"

"तीन."

त्यांनी काडेपेटी खणात ठेवून खण लावला, आणि टोमॅटो धुवायला घेतले.